सुतळीचं घर

लग्न करून पाहिलं, त्याला एकेचाळीस वर्षं झाली.
आता म्हणे घर बांधून पाहायचं.
रॅनल्डने कुरणात खुंट्या ठोकल्या,
शेवंडीच्या सापळ्यांची जुनी सुतळी त्यांना वेढली,
निळी, अजून खारा वास मारणारी,
आणि म्हणाला, एफी, ये आत.

मी दारातून गेले.
भिंत ओलांडून यायचं नाही, असं ठरलं होतं आमचं.
केप ब्रेटनच्या वाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सत्तावीसशे चौरस फूट.
कागदावर ते सगळं वीतभर होतं;
नकाशा काढणाऱ्या पोराने त्यात इवल्या खुर्च्या,
इवला पलंग,
टबात दोन रेघांचं पाणीसुद्धा काढलं होतं.
इथे नुसतं गवत, आणि घोट्याला लागणारे काटे.

हा दिवाणखाना. ही मॉरॅगची खोली. ही ॲलिस्टरची.
ही नातवंडांची, दुमजली पलंगांची.
ही शिवणाची,
जरी माझं मशीन गेल्या वर्षी
चर्चच्या विक्रीत बारा डॉलरला गेलं.
रॅनल्ड बोट दाखवत पुढे, मी मागे.
चुलीपासून मॉरॅगच्या उशीपर्यंत
पावलं मोजली: सव्वीस.
चहा नेला असता तर निम्मा बशीत.

“अकरा दिवस,” मी म्हटलं.
“काय अकरा दिवस?”
“येतात ते. नाताळात. ज्या वर्षी येतात त्या वर्षी.”
मुलगा अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर.
मुलगी त्याच्याही पुढे.
रॅनल्डने शिंक अडल्यासारखं तोंड केलं
आणि उत्तरेची खुंटी, जी पक्की होती,
पुन्हा ठोकली.

चार वाजता लॉकी सुतार आला, ट्रकमध्ये कुत्रा.
तो किंमत आधी डॉलरात सांगत नाही,
जळणात सांगतो.
“एवढ्या घराला हिवाळ्यात आठ ट्रक लाकूड.
फोडणार कोण?”
बोलताना तो आमच्या तोंडाकडे पाहत नव्हता,
रॅनल्डच्या उजव्या गुडघ्याकडे पाहत होता.

मग आम्ही भिंती सरकवू लागलो.
शिवणाची खोली आधी गेली, तिच्यासाठी कुणी थांबलं नाही.
दुमजली पलंग गेले.
ॲलिस्टर मॉरॅगच्या खोलीत गेला,
लहानपणी दोघं होती तशीच,
मधे चादर टांगून, चादरीवरूनच भांडत.
सुतळी उरत गेली.
रॅनल्ड ती अंगठा आणि कोपरावर गुंडाळत राहिला,
होडीवर गुंडाळायचा तशी, न बघता.
गुंडी जड झाली तेव्हा त्याचा चेहरा कसा होता
मला माहीत नाही. मी खुंट्या उपटत होते.

अकराशे चाळीस.

लॉकीने टेप मिटली. पुन्हा उघडली.
“दारं तीस इंचांची लिहिलीत. छत्तीस करा.”
“का?”
आईची चाकांची खुर्ची आत न्यायला
त्याने स्वतःच्या हाताने न्हाणीघराची चौकट फोडली होती,
हे इथे सगळ्यांना माहीत आहे.
“बरं दिसतं,” एवढंच म्हणाला.
रॅनल्ड त्याच्याकडे बघत राहिला,
मग हसला, कितीतरी दिवसांनी,
आणि खाली न वाकता
बुटाच्या टोकाने दाराची खुंटी
सहा इंच पलीकडे ढकलली.

रात्री फोनवर मॉरॅगने विचारलं, माझी खोली आहे ना?
आहे, म्हटलं.
मग ॲलिस्टरचा आला. त्याचीही आहे, म्हटलं.
यात खोटं काही नाही.

पहाटे धुक्यात उठून पाहिलं तर
आमच्या पलंगाच्या जागी एक हरिणी चरत होती.
चरून झालं. तिने दाराकडे पाहिलंही नाही,
एकेक पाय उचलून
न्हाणीघराच्या भिंतीवरून निघून गेली.

रॅनल्डला सांगितलं नाही.
लगेच कुंपणाचं माप काढायला बसला असता.